डहाणू रोड कुणाच्या मालावर वाढले?

प्रश्न : युक्रेनच्या युद्धाच्या बातम्यांत कोझ्यातिन, झ्मेरिन्का, लोझोवा अशी नावे वाचली. प्रत्येक नावापुढे ‘रेल्वेचे लहान गाव’ एवढेच लिहिलेले असते. असे गाव जन्मते कसे आणि त्याचे पोट कशावर चालते? आम्ही विवळवेढ्याची माणसे गाडी पकडायला डहाणू रोडला जातो. त्याला रेल्वेचे गाव म्हणता येईल का? आणि महालक्ष्मीची एवढी मोठी यात्रा भरते, तरी आमच्याकडे रूळ का आले नाहीत?
— एक वाचक, विवळवेढे (ता. डहाणू)

उत्तर : तुमचा मधला प्रश्न आधी घेतो. डहाणू रोड हे रेल्वेचेच गाव आहे. पण कोझ्यातिन ज्या प्रकारचे आहे, त्या प्रकारचे नाही, आणि हा फरक कळला की बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीचशी हाती येतात.

कोझ्यातिन हे युक्रेनच्या विनित्सिया प्रांतातले जंक्शन आहे. १८७० च्या सुमारास कीववरून दक्षिणेकडे, ओडेसाच्या दिशेने लोहमार्ग गेला आणि इथूनच पश्चिमेकडे दुसरा फाटा फुटला. तोवर हे एक साधे खेडे होते. फाटा फुटल्यावर इंजिने बदलणे, गाड्या जोडणे, डबे दुरुस्त करणे ही कामे इथे आली आणि त्या कामांवर नेमलेली माणसे कुटुंबांसह राहायला आली. आज वीस-बावीस हजारांच्या या शहरात रेल्वेचा पगार हाच बाजाराचा कणा आहे. आपल्याकडची भुसावळ, मनमाड, दौंड ही याच प्रकारची गावे. कुर्डुवाडीही त्यांतलीच, कारण तिथे बार्शी लाइट रेल्वेचा कारखाना होता. अशा गावात रेल्वे हाच मोठा मालक असतो. महिन्याचा पगार झाला की किराणा दुकानापासून सोनारापर्यंत सगळ्यांना ते कळते.

डहाणू रोडला जंक्शन नाही, इंजिनांचा कारखानाही नाही. रेल्वेच्या पगारावर जगणारी घरे इथे आहेत, पण गाव त्यांच्यावर उभे राहिलेले नाही. इथे गाडी थांबते, माल चढतो आणि गाडी पुढे जाते. म्हणून अशा गावाचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर त्या त्या काळात फलाटावर कोणता माल रचलेला होता, तो कुणी तोडला, कुणी वाहिला आणि पैसे कुणाच्या हाती राहिले, हे विचारावे लागते. या हिशेबात विवळवेढे पहिल्या दिवसापासून आहे. रूळ तुमच्या गावात आले नाहीत, पण त्या रुळांवरून गेलेल्या मालातला फार मोठा वाटा तुमच्या बाजूच्या डोंगरांतून उतरला होता.

आता जन्माकडे वळू. युक्रेनच्या दक्षिणेचा पहिला लोहमार्ग १८६५ मध्ये ओडेसा ते बाल्टा असा सुरू झाला. काळ्या समुद्रावरच्या बंदराला आतला गहू हवा होता, त्यासाठी तो होता. आपल्या किनाऱ्यावर काय घडत होते पाहा. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडची बीबीसीआय, ही कंपनी १८५५ मध्ये स्थापन झाली. तिची पहिली गाडी मुंबईहून सुटली नाही. १८६० मध्ये ती अंकलेश्वर आणि सुरतेजवळचे उतराण यांच्यामध्ये धावली, आणि मार्ग उत्तरेकडून सरकत १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडला पोचला. त्या वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि भडोच-सुरतेच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला होता. मार्ग आखला तो गुजरातचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर आणण्यासाठी. डहाणू वाटेत होते म्हणून त्याला स्थानक मिळाले. ओडेसाचा गहू आणि मुंबईचा कापूस यांच्या वाटेवरची कितीतरी गावे अशी दुसऱ्याच्या कामासाठी टाकलेल्या रुळांवर उगवली आहेत.

जुने डहाणू मात्र रेल्वेची वाट पाहत बसलेले नव्हते. खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीज काळातला किल्ला आहे. वसईच्या मोहिमेत, १७३९ मध्ये, मराठ्यांनी उत्तर कोकणातला हा सगळा किनारा घेतला तेव्हा डहाणूही मिळवले. खाडीत गलबते लागत, मुंबईकडे लाकूड, भात, मासळी जाई. आणि किनारा व डोंगर यांच्यातली देवघेव त्याहूनही जुनी. मीठ आणि सुकी मासळी वर जाई, धान्य आणि जंगलातला माल खाली येई. तुमच्या महालक्ष्मीच्या यात्रेत आजही चैत्रात सुक्या मासळीचे ढीग लागतात आणि आदिवासी घरे पावसाळ्याची बेगमी तिथूनच नेतात, ती या देवघेवीची चालू शाखा आहे. मुसळ्या डोंगरावर ध्वज लावण्याचा मान वाघाडीच्या सातवी घराण्याचा आणि ध्वजाचा संबंध जव्हारच्या मुकणे राजांशी. म्हणजे जव्हारचे संस्थान, डोंगरातली गावे आणि किनाऱ्याचे विक्रेते हे सगळे वर्षातून पंधरा दिवस विवळवेढ्याला एकत्र येत, तेव्हा डहाणू रोड नावाचे गाव नकाशावर नव्हते. या भागाची जुनी बाजारपेठ कुठली असे कुणी विचारले तर मी आधी तुमच्या गावाचे नाव सांगेन.

स्थानक झाले ते जुन्या गावापासून दोन-तीन किलोमीटर आत, मल्याण-मसोलीच्या बाजूला. सरळ मार्गाला खाडीचे तोंड सोयीचे नसते, ती जिथे अरुंद होते तिथे पूल बांधतात. डहाणू गाव खाडीवर राहिले आणि रुळांच्या कडेला नवी वस्ती वाढू लागली. वखारी, दुकाने, दलालांच्या पेढ्या, मग चाळी, मग शाळा-दवाखाने असे करत बाजार स्थानकाकडे सरकला. सरकारी कागदांवर आज डहाणू ही एकच नगरपरिषद आहे आणि लोकवस्ती पन्नास हजारांच्या आसपास आहे. पण तिचा धंदा कुठे आहे हे संध्याकाळी स्थानकाबाहेर उभे राहिले की दिसते.

पहिला मोठा माल लाकूड. साग, ऐन, शिसव यांची जंगले डहाणूच्या पूर्वेपासून थेट जव्हारपर्यंत पसरलेली होती. मुंबई वाढत होती, तिला वासे, तुळया, फळ्या, सरपण आणि कोळसा सगळेच हवे होते. पूर्वी हा माल पडावांतून जाई आणि पावसाळ्यात चार महिने समुद्र बंद असे. रेल्वेने ती अडचण संपवली. जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, लिलावाने घेणारे ठेकेदार, बैलगाड्यांनी ओंडके खाली आणणारे गाडीवान आणि स्थानकाजवळच्या वखारींचे मालक अशी साखळी तयार झाली. झाड पाडणारा, सोलणारा, ओढणारा माणूस बहुतेक वेळा वारली, कोकणा, मल्हार कोळी किंवा कातकरी असे. त्याच्या हातून लाकूड निघे आणि किंमत ठरे ती त्याच्या डोळ्यांआड.

दुसरा माल होता गवत. त्याची आठवण आता कमीच लोक काढतात, आणि म्हणून त्यावर थोडा जास्त थांबतो.

मुंबईत तेव्हा म्हशींचे तबेले होते, घोडागाड्या होत्या, बैलगाड्या होत्या. या सगळ्या जनावरांना चारा लागे. डहाणू, तलासरी, उंबरगावच्या माळांवर पावसाळ्यानंतर छातीएवढे गवत उभे राही. ते कापायचे, वाळवायचे, यंत्रात दाबून गासड्या बांधायच्या आणि वॅगनमध्ये भरायच्या. जमिनी होत्या सावकार-जमीनदारांच्या ताब्यात. एके काळी त्याच जमिनी कसणारे वारली कुळे झाले होते आणि पुष्कळजण कुळांपेक्षाही खालच्या स्थितीला गेले होते. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी फिटत नसे. लग्नाला घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही मालकाकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. मुंबई सरकारने नेमलेल्या सायमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात ही वेठ सविस्तर नोंदवली होती. म्हणजे सरकारला हे माहीत होते.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र राज्य किसान सभेची परिषद झाली. तिथे या भागातून काही वारली गेले होते. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारोंची सभा भरली. झरी आज तलासरी तालुक्यात आहे. तिथे किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या उपस्थितीत वेठ आणि लग्नगडी पद्धत बंद करण्याचा निश्चय झाला, आणि पुढच्या काही आठवड्यांत लोकांनी तो खरोखर अमलात आणला. त्या वर्षीच्या गवताच्या हंगामात संप झाला. मागणी होती पाचशे रतल गवत कापण्याला अडीच रुपये. आकडा नीट पाहा. मागणी वजनावर आहे, कारण माल वजनावर विकला जात होता. मुंबईत गवताला काय भाव येतो आणि आपल्याला काय मिळते, हा हिशेब आता कापणाऱ्यांच्या तोंडी आला होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांच्यासह आणखी चौघे त्यात मेले. संप मोडला नाही. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलकामावर संप झाला आणि दिवसाला सव्वा रुपया मजुरीची मागणी पुढे आली. गवत आणि लाकूड हे डहाणू रोडच्या व्यापाराचे दोन मोठे माल, आणि दोन्ही ठिकाणी लागोपाठच्या दोन वर्षांत काम थांबले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक या लढ्याचे आहे. ते वाचताना मला प्रत्येक वेळी जाणवते की हा लढा जमिनीचा होता तसा रेल्वेच्या फलाटापर्यंत जाणाऱ्या मालाचाही होता.

रेल्वेच्या गावांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा त्यांत स्थानकाची इमारत, पहिला स्टेशन मास्तर, पहिली गाडी हे सगळे येते. गवत कापणारी माणसे येत नाहीत. डहाणू रोडचा इतिहास तलवाड्याशिवाय सांगितला तर तो अर्धा राहतो, असे माझे ठाम मत आहे.

तिसरा माल चिकू. घोलवडला १८९८ मध्ये सर दिनशा पेटिट यांच्या बागेत चिकूची पहिली रोपे लागली, असे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेल्या झोरास्ट्रियन कुटुंबांनी डहाणू-घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात जमिनी घेतल्या आणि चिकूच्या वाड्या उभ्या केल्या. कालिपत्ती ही जात इथे चांगली रुजली. चिकू हे रेल्वेसाठी फार सोयीचे फळ. झाडावरून कच्चे उतरवायचे, दोन-तीन दिवसांच्या प्रवासात ते पिकत जाते. त्यामुळे दूरची बाजारपेठ गाठता येते, आणि झाड वर्षाचे बहुतेक महिने फळ देत असल्याने मजुरीही हंगामापुरती नसते. लांब बांबूला जाळी बांधून फळ उतरवणारे हात इथेही प्रामुख्याने वारल्यांचेच. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२१ मध्ये मानांकनाचा हा चिकू ब्रिटनला गेला. आता बराचसा माल ट्रकने जातो, कारण ट्रक वाडीच्या दारात येतो. तरी या पिकाला दूरचे गिऱ्हाईक मिळवून देण्यात रुळांचा वाटा मोठा होता.

बाकीचे धंदे पटकन सांगतो. वाणगावच्या बाजूची मिरची, चिंचणी-वरोरकडचे दागिन्यांचे साचे बनवणारे डायमेकर, डहाणूतले रबरी फुगे बनवणारे छोटे कारखाने. तिन्ही धंदे थोड्या जागेत चालतात, तिन्हींना मुंबईचा बाजार लागतो.

मोठे कारखाने इथे का नाहीत, हे मात्र सविस्तर सांगायला हवे. डहाणू रोडपासून वीसेक किलोमीटरवर बोईसर आहे. तेही असेच एक छोटे स्थानक होते. १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत आली आणि बोईसर पार बदलून गेले. रसायनांचे कारखाने आले, रोजगार आला, देशभरातून कामगार आले आणि खाड्यांत सांडपाणीही आले. त्याच रुळांवरचे पुढचे मोठे स्थानक डहाणू रोड त्या वाटेने गेले नाही, कारण २० जून १९९१ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांसाठी जास्तीत जास्त पाचशे एकर जागा ठरवून दिली आणि प्रदूषण करणारे उद्योग वर्ज्य केले. बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिला आणि त्यानुसार डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते आणि २०१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी हे काम सांभाळले. खाडीकाठचा ५०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प प्राधिकरण आले तोवर झालेला होता, त्याचा कोळसा रेल्वेनेच येतो. त्याच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा प्राधिकरणाने बसवायला लावली. डहाणू तालुक्यातल्याच वाढवणला बंदर करण्याचा पहिला प्रस्ताव याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला.

यात गमावले काय आणि कमावले काय, यावर डहाणूत दोन टोकांची मते ऐकू येतात. तरुणांना नोकरीसाठी बोईसर, वापी, मुंबई गाठावी लागते ही तक्रार खरी आहे. पण चिकूच्या वाड्या, खाडीतली मासळी, माळांवरची झाडे ही इथली मिळकत आहे आणि ती फार माणसांना थोडे थोडे देते. कारखाना थोड्यांना जास्त देतो. १९९१ च्या निर्णयाने आधीची मिळकत राखली. मला तो निर्णय बरोबर वाटतो, पण ज्यांच्या वाट्याला राखलेली वाडीही नव्हती, त्यांच्यासाठी त्याबरोबर जे व्हायला हवे होते ते झाले नाही. विवळवेढे, गंजाड, कासा, तलासरी इथली माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातातच आहेत.

इथे चौथा माल सुरू होतो, आणि तो माणूस आहे. १६ एप्रिल २०१३ रोजी चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तोवर विरारच्या पुढे शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांवर भागवावे लागे. चर्चगेटहून १२४ किलोमीटर, म्हणजे उपनगरी गाडीला फार लांबचा पल्ला, तरी पहाटेच्या गाडीला उभे राहायला जागा नसते. कारखान्यात जाणारे, कोर्टकचेरीला जाणारे, महाविद्यालयातली मुले, भाजीच्या आणि मासळीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका, दादरला फुले पोचवणारे. पूर्वी इथून लाकूड-गवत जाई आणि पैसा बाहेरच्या ठेकेदाराकडे राही. आता माणूस जातो आणि संध्याकाळी पगार घेऊन परततो, तो खर्च इथल्या दुकानात होतो. लोकलने डहाणू रोडला थोडेसे कोझ्यातिनच्या बाजूला सरकवले आहे. फरक एवढाच की पगार देणारा गावात नाही, शंभर किलोमीटरवर आहे. विरार ते डहाणू रोड तिसऱ्या-चौथ्या मार्गाचे काम मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात चालू आहे. चौसष्ट किलोमीटरचे ते काम पुरे झाल्यावर गाड्या वाढतील, आणि त्याबरोबर स्थानकाजवळच्या जमिनीचे भावही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, रूळ विवळवेढ्याला का आले नाहीत.

पुष्कळजण म्हणतात, डोंगर आडवे आहेत म्हणून. जव्हार-मोखाड्यावरून नाशिकला चढायचे तर सह्याद्री आहेच, ते खरे. पण विवळवेढ्यापर्यंत, कासा-चारोटीपर्यंत कुठे एवढा घाट आहे? याच बीबीसीआयच्या मार्गावर उत्तरेला बिलीमोरा आहे. तिथून वघईपर्यंत, डांगच्या जंगलाच्या दारात, १९१३ मध्ये छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. बडोद्याच्या गायकवाडांनी ती डांगच्या सागासाठी बांधली. म्हणजे जंगलातला माल आणायला रूळ आत नेणे त्या काळात होत होते. इकडे ते का झाले नाही? जव्हारच्या संस्थानाकडे बडोद्यासारखी तिजोरी नव्हती, हे एक कारण. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते, आणि ते माझे अनुमान म्हणूनच घ्या. डहाणूच्या बाजूला लाकूड आणि गवत वेठीने आणि नाममात्र मजुरीने खाली येत होते. बैलगाडी आणि माणूस इतका स्वस्त पडत होता की रूळ टाकण्याचा खर्च करावा, असे ना कंपनीला वाटले, ना ठेकेदाराला. तुमच्या आजा-पणजांच्या राबण्यानेच तो खर्च वाचवला. १९४५ नंतर ते राबणे महाग झाले, तोवर मोटारट्रक आले होते आणि पुढे मुंबई-अहमदाबाद महामार्ग तुमच्या दारावरून गेला. मग रुळांची गरज कुणाला उरली नाही.

आता जे रूळ या भागातून जातायत, त्यांचे पाहू. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरांत डहाणू आणि तलासरीच्या जमिनी गेल्या, पण स्थानके विरार, बोईसर आणि मग थेट वापी. समर्पित मालवाहतूक मार्ग दादरीहून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत जातो, तोही याच पट्ट्यातून. वाढवण बंदराला प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये अटींसह परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला त्याचे भूमिपूजन झाले. मच्छीमार, डायमेकर आणि शेतकरी तिथे वर्षानुवर्षे विरोधात उभे आहेत. बंदर झाले तर त्याला जोडणारे रूळ येतील आणि डहाणूच्या फलाटांनी आजवर पाहिला नाही इतका माल इथून जाईल. तो माल कंटेनरमध्ये बंद असेल. तो इथे पिकलेला नसेल आणि इथे उतरणारही नसेल. लाकूड-गवताच्या काळात निदान कापणाऱ्याला वजन ठाऊक होते, म्हणून तो भाव मागू शकला.

डहाणू-नाशिक लोहमार्गाची मागणी तुमच्या भागात फार जुनी आहे आणि सर्वेक्षणाच्या बातम्या अधूनमधून येत असतात. हा मार्ग झाला तर गंजाड, चारोटी, कासा, जव्हार, मोखाडा यांपैकी कुठून तरी जाईल. बाकीच्या सगळ्या रुळांपेक्षा मला याची आशा जास्त आहे, कारण तो या डोंगराच्याच उपयोगाचा असू शकतो : विक्रमगड-जव्हारचा मोगरा, काजू, भाजीपाला, आणि यात्रेच्या पंधरा दिवसांतली लाखोंची गर्दी. पण बिलीमोरा-वघईचा मार्ग झाला तेव्हा डांगच्या लोकांना कुणी विचारले नव्हते. तुम्हाला विचारणे आता बंधनकारक आहे. डहाणू आणि तलासरी हे पाचव्या अनुसूचीतले तालुके आहेत, १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे, आणि त्यानुसार जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. नकाशा गावात येईल तेव्हा त्यात दोन गोष्टी आधी शोधा : स्थानक कुठे धरले आहे, आणि त्या स्थानकाला मालधक्का आहे की नाही. मालधक्का नसेल तर तो ग्रामसभेच्या ठरावात मागून घ्या.